स्क्रीनवर १०० टक्के चार्ज, तरी स्कूटर आधीइतकी का धावत नाही? समजून घ्या बॅटरीतलं गणित

डिजिटल डेस्क, वर्धा : पुलगावहून रोज वर्ध्याला ये-जा करायची तर जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. समजा, तुमची नवी इलेक्ट्रिक स्कूटर एका चार्जमध्ये ९० किलोमीटर जायची. काही उन्हाळे गेले आणि ती ७० वर आली. आता जरा वाट वाकडी केली, तरी घरी पोहोचण्याची धाकधूक. स्क्रीनवर मात्र चार्ज १०० टक्केच! मग २० किलोमीटर गेले कुठे?

उत्तर सोपं आहे. स्क्रीनवरचे १०० टक्के म्हणजे आज बॅटरीत जेवढी क्षमता उरली आहे, तिचे १०० टक्के. टाकी पूर्ण भरतेय, पण टाकीच लहान झाली आहे.

टाकी लहान का होते?

लिथियम-आयन बॅटरीत दोन बाजू असतात. धन बाजू म्हणजे कॅथोड आणि ऋण बाजू म्हणजे अॅनोड, जो बहुतेकदा ग्रॅफाइटचा असतो. चार्ज करताना लिथियम कॅथोडमधून निघून ग्रॅफाइटमध्ये जातं, गाडी चालवताना परत येतं. क्षमता दोन्ही बाजूंनी घटते, पण जास्त व्होल्टेजवर कॅथोडची झीज वाढते.

निकेल, मँगनीज, कोबाल्ट असलेल्या एनएमसी कॅथोडमध्ये थरांवर थर असतात आणि मधल्या फटीत लिथियम बसतं. व्होल्टेज जितकं जास्त, तितकं जास्त लिथियम बाहेर निघतं. फटी फारच रिकाम्या झाल्या की थर झपकन आकसतात. डिस्चार्ज होताना पुन्हा फुगतात.

आपली काळी माती आठवा. पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात भेगाळते. कॅथोडच्या कणांचंही तसंच होतं. फरक एवढाच, की मातीच्या भेगा पावसात बुजतात. कॅथोडच्या बुजत नाहीत.

भेगा पडल्यावर काय होतं?

भेगांमध्ये बॅटरीतला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट शिरतो. जास्त व्होल्टेजवर तो कॅथोडच्या पृष्ठभागावर विघटित होऊ लागतो. पृष्ठभागातून ऑक्सिजन निसटतो, धातूचे अणू लिथियमच्या जागा अडवतात आणि लिथियमची वाट बंद होत जाते. थोडा धातू विरघळून ग्रॅफाइटपर्यंत पोहोचतो आणि तिथलंही नुकसान वाढवतो.

मग कंपन्या व्होल्टेज वाढवतात कशाला?

जास्त व्होल्टेज म्हणजे त्याच वजनात जास्त ऊर्जा. जॉन गुडइनफ यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटाने १९८० मध्ये कोबाल्टचा कॅथोड मांडला आणि १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली. त्या कॅथोडची कागदावरची क्षमता ग्रॅममागे २७४ मिलिअँपिअर-तास, पण ४.२ व्होल्टपर्यंत वापरली जाते ती सुमारे १४०. उरलेली मिळवायची तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि झीजही वाढते.

एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटच्या कॅथोडची रचना जास्त टिकाऊ. त्याचा सेल साधारण ३.६५ व्होल्टलाच पूर्ण भरतो. आयुष्य जास्त, पण तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी.

वर्ध्याच्या उन्हाचा काय संबंध?

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णतेत या सगळ्या रासायनिक क्रिया वेग घेतात. म्हणून पूर्ण चार्ज केलेली गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवणं म्हणजे जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान, दोन्ही एकदम.

तुम्ही काय करू शकता?

- बॅटरी एनएमसी आहे की एलएफपी, हे माहितीपुस्तिकेत किंवा डीलरकडे विचारून घ्या.
- एनएमसी असेल आणि रोजचं अंतर भागत असेल, तर ८०-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. लांब जायच्या दिवशीच १०० टक्के करा.
- एलएफपीत टक्केवारी अचूक दिसावी म्हणून काही कंपन्या अधूनमधून पूर्ण चार्ज करायला सांगतात. ती सूचना पाळा.
- उन्हातून आल्याआल्या चार्जर लावू नका. बॅटरी आधी थंड होऊ द्या.
- गाडी सावलीत लावा.
- वॉरंटी वाचताना वर्षांसोबत 'किती टक्के क्षमतेपर्यंत' हेही पाहा. जुनी गाडी घेताना किलोमीटरइतकीच बॅटरीची उरलेली क्षमता महत्त्वाची.

झीज पूर्ण थांबवता येत नाही, पण तिचा वेग कमी करता येतो. बॅटरी हा गाडीतला सर्वात महागड्या भागांपैकी एक. ती जितकी वर्षं जास्त टिकेल, तितका नव्या बॅटरीचा खर्च लांबेल.