सोल्युबल म्हणजे काय?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दर रविवारी मी मुलांना विज्ञान शिकवतो. गेल्या पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीने एक वाक्य घडाघडा म्हणून दाखवले : 'सॉल्ट इज सोल्युबल इन वॉटर.' सोल्युबल म्हणजे काय गं, असे विचारले तर गप्प. मग म्हणाली, "सर, मॅडमनी एवढंच लिहून दिलंय." मी तिच्यापुढे पेलाभर पाणी आणि चिमूटभर मीठ ठेवले. तिने बोटाने ढवळले. "विरघळलं की!" शाळेने तिला तिचेच ज्ञान परक्या भाषेत बांधून परत दिले होते, आणि ते आपले आहे हे तिला ओळखू आले नव्हते.

याला सेमी इंग्रजी म्हणतात. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. अनेक जिल्हा परिषद शाळांनीही आता हा मार्ग धरला आहे. आपल्यातले काही जण यावर सरळ बोट ठेवतात : मातृभाषेतूनच शिकवा. मला ते इतके सोपे वाटत नाही. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले तेव्हा मी पाचवीत होतो, म्हणजे जुन्या पद्धतीने एबीसीडी गिरवीत होतो. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलो. अकरावीला पहिल्या तासाला प्राध्यापक इंग्रजीतून बोलू लागले आणि सहा महिने मी नुसता फळा उतरवून घेत राहिलो. माझ्याबरोबरची दोन हुशार मुले दिवाळीनंतर कॉलेजात दिसलीच नाहीत. ती भिंत मी डोक्याने फोडली आहे, म्हणून माझ्या वस्तीतल्या आईला 'पोरीला इंग्रजीत घालू नका' असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. सावित्रीबाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला तो काही उगाच नाही. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्या किती जणांची मुले मराठी शाळेत जातात, हेही एकदा मोजावे.

शिवाय, कोणती मराठी? 'संप्लवन', 'प्रकाशसंश्लेषण', 'पर्णरंध्रे' हे शब्द माझ्या आजीच्या मराठीत नव्हते. संस्कृतातून घडवलेली ही परिभाषा वस्तीतल्या पोराला इंग्रजीइतकीच परकी आहे. फरक इतकाच की इंग्रजी शब्द पाठ केला तर पुढे बी.एस्सी.ला कामाला येतो. पण याच पुस्तकी मराठीत 'निवळणे', 'गाळणे', 'चाळणे', 'पाखडणे' हेही शब्द आहेत, आणि ते आमच्या बायांच्या हातात आहेत. मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याचा धडा ज्या पोरीची आई रोज सूप घेऊन बसते तिला कोण शिकवणार? तिथे फक्त 'विनोइंग' हा शब्द शिकवायचा उरतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणारी आजी 'सेडिमेंटेशन'च करीत असते.

शिकवताना माझ्या लक्षात आले की मुले अडतात ती पारिभाषिक नामांवर नव्हे. 'ऑक्सिजन', 'मॅग्नेट' हे शब्द मुले चटकन उचलतात. अडतात ती 'इफ', 'देअरफोर', 'अनलेस' यांवर. विज्ञान कार्यकारणावर चालते आणि कार्यकारण या लहान शब्दांत बसलेले असते. म्हणून मी क्रम बदलला. आधी हाताने करायचे, घरच्या बोलीत सांगायचे, मग मराठीत लिहायचे, आणि शेवटी दोन-तीन इंग्रजी वाक्ये. प्रश्न कोणत्याही भाषेत विचारायची मुभा. ही मुभा सगळ्यांत महत्त्वाची. का ते सांगतो.

पाण्याचा धडा चालला होता. 'वॉटर इज टेस्टलेस.' एक पोरगा मराठीत म्हणाला, "मग चवदार तळं कसं काय, सर?" सारी अभ्यासिका हसली, पण प्रश्न पक्का होता. इंग्रजीतूनच विचार म्हटले असते तर तो तोंडातच राहिला असता. मी सांगितले, शुद्ध पाण्याला चव नसते. झऱ्याचे, विहिरीचे पाणी खडकातले क्षार विरघळवून आणते, चव त्या क्षारांची. म्हणजे 'सोल्युबल'चा अर्थ महाडपर्यंत गेला. तिथून पुढे मुलांनीच नेले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे कागदोपत्री खुले केले, पण पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. आणि नंतर सनातन्यांनी त्याच तळ्यात शेण, गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. मी फळ्यावर इंग्रजीत 'प्युअर' लिहिले आणि विचारले, शेण घातल्यावर पाणी प्युअर झाले की इम्प्युअर? त्या तासाला 'मिक्स्चर' हा शब्द कुणाला पाठ करावा लागला नाही. विज्ञान एका तासाला आणि संस्कृती दुसऱ्या तासाला, अशी वाटणी करणाऱ्यांना पाणी काय आहे ते कधी कळलेले नाही.

परदेशातले दाखले तावून घ्यावेत. कॅनडात क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्टला १९६५ साली इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली आणि ते यशस्वी झाले. पण त्या मुलांची घरची भाषा सत्तेची होती, तिला कुणी हिणवत नव्हते. मलेशियाने २००३ साली विज्ञान-गणित इंग्रजीतून सुरू केले आणि २००९ साली ते मागे घेण्याचे ठरवले. खेड्यातली मुले मागे पडतात ही तिथली एक मोठी तक्रार होती. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, शेती आणि आरोग्याचे धडे शिकवा, असे मांडले होते. शिकवणाऱ्याला मुलाचे घर ठाऊक असावे, ही त्यातली मागणी आजही अपुरी आहे. आज सेमीच्या वर्गावर जो शिक्षक उभा राहतो त्याला स्वतःलाच त्या इंग्रजीचा धाक असतो. त्यात त्याचा दोष किती? त्याला कुणी शिकवलेच नाही. मग तो गाइड उघडतो आणि 'एवढेच लिहा' म्हणतो.

सोल्युबलवाल्या मुलीला परवा शाळेत इंग्रजीत सणावर पाच ओळी लिहायच्या होत्या. गाइडात दिवाळी होती, ती तिने आधी उतरवली. मी विचारले, तुमच्या घरी नवे कपडे कधी घेतात? "चौदा एप्रिलला." मग तेच लिही म्हटले. तिने लिहिले : आम्ही विहार झाडतो, बाबा कमानीला निळा रंग देतात, आजी खीर करते, मी भाषण करते, पाऊस आला तर भाषण विहारात होते. शेवटच्या ओळीत 'इफ' अचूक जागी होता. वही परत आली तेव्हा 'विहार' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्नचिन्ह. तिने मला विचारले, "स्पेलिंग चुकलं का सर?"

स्पेलिंग बरोबर होते.