नानांना ‘कोसला’ वाचून दाखवताना

आधी एक कबुली. गेल्या पाच-सहा वर्षांत मी जे काही ‘वाचलं’, ते बहुतेक सगळं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कानात हेडफोन घालून. सूसहून ऑफिस तसं हाकेच्या अंतरावर, पण सकाळी साडेनऊला ती हाक पोचायला पाऊण तास लागतो, हे आमच्या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. घरी पुस्तकं होती, पण शोभेला. मग नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सगळं गणितच बदललं.

नाना म्हणजे माझे वडील. जळगाव जिल्ह्यातलं आमचं गाव, शेती कापसाची. ती आता वाट्यानं दिलीय, आणि दोन वर्षांपूर्वी आई-नाना आमच्याकडे सूसला राहायला आले. सूस २०२१मध्ये पुणे महापालिकेत गेलं, तरी नाना अजून ‘हे गाव का शहर, ते एकदा ठरवा’ असं म्हणतात. एका खिडकीतून टॉवर दिसतात, दुसरीतून गोठा. ज्या माणसाला सकाळचा पेपर टेंडर नोटिशींसकट वाचायची सवय, त्याला डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस डोळ्यांना ताण नको. तिसऱ्या दिवशी ते इतके वैतागले, की बायको मला म्हणाली, ‘अरे, तू काहीतरी वाचून दाखव ना त्यांना!’

सुरुवात फसली. मी उत्साहात नंदा खरे यांची ‘उद्या’ काढली. २०१४ची ही कादंबरी. २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खरे यांनी तो नाकारला. आयटीत काम करणाऱ्यानं तर ती वाचायलाच हवी, कारण सतत कुणाच्या तरी नजरेखाली जगणं म्हणजे काय, हे आपल्याला नेमकं कळतं. मला ती जाम आवडली होती. पण मोठ्यानं वाचताना माझीच दमछाक झाली, आणि चौथ्या पानाला आई घोरत होती. मग सदानंद देशमुखांची ‘बारोमास’. शेतकऱ्याच्या घराची एवढी खरी कादंबरी, तीही अकादमी मिळालेली. दुसऱ्या रात्री नाना म्हणाले, ‘हे बंद कर. हे मला पाठ आहे.’

‘बनगरवाडी’नं गाडी रुळावर आणली. व्यंकटेश माडगूळकरांचं १९५५चं हे छोटेखानी पुस्तक. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, एवढीच खरं तर गोष्ट. वाक्यं आखूड, वाचताना श्वास पुरतो. आमची नऊ वर्षांची इंग्लिश मीडियमवाली लेकसुद्धा टॅब ठेवून येऊन बसली. दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा तिनं विचारलं, ‘मग ती मेंढरं कुठे गेली?’ दिवाळीनंतर आमच्या टेकडीच्या पायथ्याशी मेंढरं बसायला आली होती. नानांनी तिला तीच दाखवली. तिनं ते खरं मानलं. मीही थोडंफार.

त्यानंतर मी ‘कोसला’ काढली, आणि इथे फसलो ते वेगळ्याच प्रकारे.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला कॉलेजला येतो आणि वडिलांच्या पैशावर वर्षं घालवून हात हलवत गावी जातो. मी ती सेकंड इयरला असताना, होस्टेलच्या कॉटवर, दोन रात्रींत संपवली होती. आम्ही सगळेच तेव्हा पांडुरंग होतो! त्याचा बाप म्हणजे आमच्या लेखी व्हिलन. पैसे पाठवतो, हिशेब मागतो, समजून काही घेत नाही. तुम्हीही त्या वयात वाचली असेल, तर तुम्हीही याच पार्टीत असाल.

नाना पहिल्या रात्रीपासून दुसऱ्या पार्टीत. आई भाषेवर खूश. एखादा आपल्याकडचा शब्द आला की पदर तोंडाला लावून हसायची. पण नाना मधेच थांबवून विचारायचे, ‘आत्तापर्यंत किती झाले रे याचे?’ पुस्तकात नसलेला हिशेब ते डोक्यात मांडत होते. पांडुरंग मेसचा कारभार अंगावर घेतो आणि आकडे जुळेनासे होतात, तो भाग मला पूर्वी भयंकर विनोदी वाटला होता. या वेळी वाचताना मला हसूच येईना, कारण समोर हिरवा चष्मा लावलेला माणूस अजिबात हसत नव्हता.

मी पान उलटलं, तेवढ्यात नाना म्हणाले, ‘तू लास्ट इयरला प्रोजेक्टचे म्हणून आठ हजार मागवले होतेस.’

अठरा वर्षं झाली होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. होय म्हणून पुढे वाचता आलं असतं. पण पांडुरंगाच्या थापा मोठ्या आवाजात वाचून दाखवल्यावर स्वतःची थाप तोंडातून निघेना.

‘प्रोजेक्ट नव्हता, नाना. गोव्याला गेलो होतो. सहा जण.’

‘मला माहीत होतं,’ आई म्हणाली. ‘फोटो सापडला होता तुझ्या बॅगेत.’

म्हणजे नानांना एकट्यालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी कापूस कमी भावात, घाईनं का विकला, ते मला तेव्हा कळलं. सांगितलं आईनंच, तेही भाजी निवडता निवडता. नानांनी डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली म्हणून मान मागे टाकली. मी थेंब घातले. पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे असतात. तसेच मिटलेले ठेवून त्यांनी विचारलं,

‘मग, कसा होता समुद्र?’

मी सांगितलं, जेवढं आठवत होतं तेवढं. मग ते म्हणाले, ‘हं. वाच पुढे.’

आता त्यांना नवा चष्मा लागलाय, पेपर परत सुरू झालाय, तरी नऊ वाजले की खुर्ची ओढून बसतात. आमचा वेग रात्रीला आठ-दहा पानं. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते, ते प्रकरण अजून यायचंय. होस्टेलमध्येही तिथे मी पुस्तक पालथं घातलं होतं. आईला मनी आवडायला लागलीय. परवा मी बायकोला हळूच म्हटलं, ती पानं गाळू या का? आईनं स्वयंपाकघरातून ऐकलं.

‘गाळायचं काही नाही हं,’ ती म्हणाली.