नुसते एक मांडून मूळ संख्या मिळते का?

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर ६१७४मुळे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्या ‘डेम्लो’ संख्यांचं नाव आलं डोंबिवली स्टेशनवरून. त्यातलीच एक गंमत: १११ × १११ = १२३२१. आज याच, नुसत्या एक अंकाच्या संख्या घेऊ या. यातल्या मूळ कोणत्या?

११ मूळ आहे. आता सहा एक मांडा. त्यांचे तीन-तीनचे दोन गट पडतात, म्हणून ११११११ = १११ × १००१. म्हणजे एक किती वेळा आलाय, तो आकडाच भागला जात असेल तर संख्याही भागली जाणार. मग तो आकडा मूळ असला की झालं? नाही ना! तीन एक: १११ = ३ × ३७. पाच एक: ११,१११ = ४१ × २७१.

११ नंतरची मूळ संख्या येते थेट १९ एकांची, मग २३ एकांची, आणि त्यानंतर एकदम ३१७ एकांची! अशा संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: सात एकांचे अवयव पाडा. सुरुवात २३९ पासून करा.