असईचा हत्ती

निलगिरीच्या डोंगरात वेलिंग्टन नावाची लष्करी छावणी आहे. मद्रास रेजिमेंटचं केंद्र तिथे आहे. या रेजिमेंटच्या जवानाच्या टोपीवरचा बिल्ला नीट पाहा: एक ढाल, दोन तलवारी आणि एक हत्ती. टोपी घालणारे बहुतेक केरळ, तमिळनाडू, आंध्र, कर्नाटकातले. तेव्हा हत्ती त्यांच्याच रानातला असणार, असं कुणालाही वाटेल. पण हा हत्ती जालना जिल्ह्यातला आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं एक लहानसं गाव आहे, तिथून तो निघाला. आणि ज्या छावणीत तो पोचला तिचं नावसुद्धा असईच्या लढाईत जिंकलेल्या सेनापतीवरूनच पडलेलं आहे. आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. असईत तो चौतीस वर्षांचा होता.

लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारची. दोनच दिवस आधी, २१ तारखेला, वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले होते. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी निघायचं आणि २४ ला एकत्र येऊन मराठ्यांवर पडायचं, असं ठरलं. पण २३ लाच वेलस्लीला कळलं की मराठ्यांचा तळ अगदी जवळ आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता तो पुढे निघाला. समोर केळणा नदी, पलीकडे शंभराच्या आसपास तोफा. वाटाड्यांनी सांगितलं की इथे उतार नाही. वेलस्लीला मात्र दिसलं की पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांवर जवळजवळ समोरासमोर वसलेली आहेत. इतक्या जवळच्या दोन गावांचं येणंजाणं असणारच, आणि येणंजाणं असेल तर पाणी ओलांडायची जागाही असणार, असा त्याने अंदाज बांधला. उतार सापडला आणि फौज पलीकडे गेली. ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या पिंपळगावची माणसं वरूडला जात आली असतील, त्या वाटेवर मध्य हिंदुस्थानचं भवितव्य फिरलं. हे वाचताना मी दर वेळी थक्क होतो.

नदी ओलांडली म्हणजे काम झालं नव्हतं. शिंद्यांच्या कवायती पलटणी हॅनोव्हरच्या पोलमन नावाच्या सरदाराच्या हाताखाली होत्या. त्यांनी भर लढाईत आपली फळी फिरवून शत्रूसमोर आणली. शिकलेल्या, सरावाच्या फौजेलाच असं जमतं. तोफांनी कंपनीच्या रांगा विरळ करून टाकल्या. त्यात एक चूक घडली: कंपनीची उजवी टोळी भलतीकडे सरकत थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली, आणि तिच्यामागे ७४ वी हायलँडर्स ही स्कॉटिश पलटणही. या पलटणीत सुमारे पाचशे माणसं होती. संध्याकाळपर्यंत चारशेहून अधिक ठार किंवा जखमी झाली होती, दहा अधिकारी मेले होते. सगळ्या फौजेचा हिशेब ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता असा लागला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलस्लीने म्हातारपणी आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून असईचं नाव घेतलं, असं सांगतात.

मग कलकत्त्याहून हुकूम निघाला. तिथे गव्हर्नर जनरल होता आर्थरचाच थोरला भाऊ रिचर्ड. लढाईला दोन महिने व्हायच्या आत कंपनीने असईत लढलेल्या पलटणींना मानाची निशाणं जाहीर केली. ब्रिटिश पायदळाची पलटण रिवाजाने दोनच निशाणं बाळगते, एक राजाचं आणि एक पलटणीचं. ७४ व्या पलटणीला तिसरं मिळालं, आणि त्यावर हत्ती आला. हत्ती म्हणजे हिंदुस्थान, असा त्या काळच्या इंग्रजांचा साधा हिशेब होता. हिंदुस्थानात लढलेल्या इतर काही पलटणींच्या वाट्यालाही तो गेला. पण असईचा हत्ती टिकला तसा क्वचितच कुठला टिकला असेल. ७४ वी पलटण पुढे दुसऱ्या पलटणीत मिसळली, ती तिसरीत मिसळली, नावं बदलत गेली. तरी स्कॉटलंडमधल्या तिच्या वारसदार पलटणीने ते तिसरं निशाण सोडलं नाही. तिथे २३ सप्टेंबर ‘असई दिन’ म्हणून पाळायची परंपरा आहे. ग्लासगोच्या सैनिकाला जालना जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव पाठ असतं, आणि ते पाठ असतं मेलेल्यांमुळे.

कंपनीच्या बाजूने मेलेले सगळे गोरे नव्हते. मद्रासच्या देशी पायदळाच्या पाच पलटणी आणि रिसाल्याच्या तीन त्या दिवशी मैदानात होत्या. त्यांनाही निशाणं मिळाली, आणि मद्रास रेजिमेंटच्या टोपीवरचा हत्ती तिथूनच आला.

स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्यापुढे अवघड प्रश्न आला. हिंदी राज्यांविरुद्ध लढून मिळवलेले मान मिरवायचे कसे? निर्णय झाला की असे युद्धमान साजरे करायचे नाहीत. असई त्या यादीत आहे. लढाईचा मान बाजूला ठेवला गेला, हत्ती मात्र टोपीवर राहिला. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. १९४७ नंतर ज्या मद्रासी जवानांनी देशासाठी जीव दिला, त्यांच्याही टोपीवर तोच हत्ती होता. आता तो वेलस्लीचा राहिलेला नाही. रेजिमेंटचं ब्रीदवाक्य गीतेच्या तिसऱ्या अध्यायातून घेतलेलं आहे: आपलं कर्तव्य करताना आलेलं मरण श्रेयस्कर. हत्तीचा अर्थ आज त्या ओळीवरून लागतो.

कंपनीच्या लढाईतली खूण पुढे भारतीय रेजिमेंटची झाल्याचं आणखी एक उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यांत बावीस महार सैनिकांची. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. पुढे बिल्ला बदलला, पण दगडावरची नावं आजही वाचता येतात, आणि दर वर्षी लाखो माणसं तिथे जातात. साध्या शिपायाचं नाव कोरलं गेलं की ते एवढं पुढे जाऊ शकतं.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाने नेमकं हेच केलं. २५ फेब्रुवारी २०१९ ला खुल्या झालेल्या या स्मारकाच्या त्यागचक्रात प्रत्येक सैनिकाला आपली ग्रॅनाइटची वीट आहे आणि तिच्यावर त्याचं नाव. सुरुवातीलाच ही नावं पंचवीस हजारांहून अधिक होती. तिथे हुद्द्याप्रमाणे वीट लहानमोठी होत नाही.

आणि आता असईतली ती माणसं, ज्यांच्या वाट्याला हत्ती आला नाही, वीटही नाही. शिंद्यांच्या गोलंदाजांविषयी जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक शत्रूने लिहिलेलं आहे, आणि त्यातही त्यांचं कौतुक आहे. संगिनी अंगावर आल्या तरी ते तोफा सोडून पळाले नाहीत, तोफांजवळच मेले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, कंपनीची रांग पुढे गेल्यावर उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीमागून गोळे टाकले. ते थांबवायला वेलस्लीला फौज घेऊन परत वळावं लागलं. मराठ्यांचे सुमारे बाराशे लोक त्या दिवशी मेले असावेत, असा अंदाज आहे. पोलमनचं नाव पुस्तकांत आहे, बेगम समरूच्या पलटणी घेऊन आलेल्या सालरचंही आहे. गोलंदाजांपैकी एकाचंही मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

दीड महिन्याच्या आत उत्तरेत लासवारीला शिंद्यांच्या राहिलेल्या कवायती पलटणीही मोडल्या. मान द्यायला, निशाण शिवायला त्या फौजेत कुणी उरलंच नाही.

असईला त्यांच्यासाठी कधी चिन्ह करायचं झालं, तर ते तोफेचं असावं असं मला वाटतं, आणि ती तोफ उलट फिरवलेली असावी.