गाठीचा पोत

बिदर-कलबुर्गीकडच्या शेतकऱ्याला जमिनीचा पोत समजावून सांगावा लागत नाही. क्षेत्र सारखे असले, तरी काळ्या कसदार रानाला आणि मुरमाड माळाला तो एकच माप लावीत नाही. कर्करोगाच्या गाठीलाही पोत असतो. किरणोपचार ठरविताना तोही पाहावा, असा शास्त्रज्ञांचा प्रयत्न आहे.

आज मात्रा ठरते ती मुख्यतः गाठीचे स्थान, आकार व प्रसार यांवरून. घशाच्या कर्करोगात अनेकदा ७० ग्रे इतकी मात्रा ३५ हप्त्यांत, सात आठवडे देतात. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींना मात्राही सारखीच मिळते. पण एक विरते, दुसरी पुन्हा उद्भवते.

सी. टी. स्कॅनचे चित्र हा बारीक ठिपक्यांचा पट असतो. शेजारच्या ठिपक्यांत कोणत्या छटा किती वेळा एकत्र येतात, हे मोजून पोत आकड्यांत मांडण्याची रीत रॉबर्ट हॅरॅलिक व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दिली. २०१४ मध्ये युरोप-अमेरिकेतील संशोधकांनी १,०१९ रोग्यांच्या चित्रांतील ४४० लक्षणे तपासून रोगाच्या पुढील वाटचालीशी त्यांचा संबंध दाखविला. मात्र २०१९ मधील फेरतपासणीत, त्या भाकितामागे पोतापेक्षा गाठीच्या आकारमानाचाच वाटा मोठा असल्याचे आढळले. यंत्र बदलले की आकडेही बदलतात. म्हणूनच ही पद्धत अद्याप नित्याच्या उपचारात रुळलेली नाही.

शिवाय परमुलखातील चित्रांवर बसविलेले गणित आपल्या रोग्यांना लागू पडेलच असे नाही. त्यासाठी येथलीच चित्रे हवीत. कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने खरगपूरच्या आय. आय. टी.सह ‘छवी’ हा चित्रसंग्रह उभारला, तो याच हेतूने.

सीमाभागातील रोगी कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात जातो, नाही तर सोलापूर, बार्शी वा हैदराबाद गाठतो. स्कॅन एका गावी, उपचार दुसऱ्या. घरची माणसे कागदी अहवाल जपतात आणि चित्रांची तबकडी हरवते. अहवालात डॉक्टरांचे मत असते. गाठीचा पोत मोजता येतो तो मूळ चित्रांतूनच. तेव्हा तबकडी मागून घ्यावी, जपावी आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे ठेवावी. पेरणी असो वा लग्नकार्य, ठरलेले हप्तेही चुकवू नयेत. उपचार लांबला की गाठीला पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो.