नळीच्या वाटेसाठी सॅक भरताना

बेलपाड्यातून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट म्हणजे धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ. दोन्ही अंगांना उभे कडे, पायाखाली सुटे दगड, मधेमधे कातळटप्पे. दिवसभर चढून माणूस कोकणकड्यापाशी निघतो. इथे दोन संकटं धरूनच चालायचं: वरून येणारा दगड आणि अर्ध्या वाटेत गाठणारी रात्र. आणीबाणीचं सामान निवडताना मी याच दोहोंपासून सुरुवात करतो. दुकानातला होकायंत्र बसवलेला सुरा यांपैकी एकाही वेळी कामाला येत नाही.

हेल्मेट गिर्यारोहणाचंच हवं. सायकलचं हेल्मेट पडणाऱ्या माणसासाठी असतं, पडणाऱ्या दगडासाठी नाही. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची ईएन १२४९२ ही चाचणी वेगळी आहे. तीत ५ किलोचं वजन २ मीटरवरून थेट माथ्यावर सोडतात. घेताना हनुवटीचा पट्टा न लावता मागची चकती आवळावी आणि मान खाली घालून डोकं हलवावं. हेल्मेट जागचं हललं, तर ते आपल्या डोक्याचं नाही.

रोपाला मात्र वेळ द्यावाच लागतो. आदल्या संध्याकाळी तो टोकापासून टोकापर्यंत हातातून सरकवायचा, डोळ्यांपेक्षा बोटांवर विश्वास ठेवून. थोड्या थोड्या अंतरावर तो वाकवून बघायचा: आतला गाभा शाबूत असेल तर वळण गोल येतं, दुखावला असेल तर रोप तिथे चपटा होऊन मोडतो. वरचं आवरण कितीही स्वच्छ दिसो, असा रोप बाद. आणि बाद केलेल्या रोपाचे तुकडे करूनच टाकावेत, नाहीतर तो पुन्हा कुणाच्या तरी सॅकमध्ये जातो. पुढे चढणाऱ्याला बिले द्यायला डायनॅमिक रोपच लागतो. माणूस पडला की हा रोप ताणला जातो आणि झटका स्वतःत जिरवतो. स्टॅटिक रोप उतरायला चांगला, पण पडणाऱ्याच्या कंबरेला तो जवळजवळ सगळा हिसका देतो.

रात्रीसाठी प्रत्येकाकडे स्वतःची हेडटॉर्च आणि जादा सेल. दोघांत एक चालत नाही, कारण कातळावर दोन्ही हात मोकळे लागतात. चंदेरी ब्लँकेट वजनाला नगण्य असतं आणि अंगाची उष्णता परत अंगाकडे फेकतं. पण पाठीखालचा गार कातळ जी उष्णता ओढून घेतो, ती त्याने अडत नाही. खाली रिकामी सॅक, रोपाची गुंडाळी, मिळेल ते गवत अंथरावं लागतं. वाऱ्यात ते ब्लँकेट कडेने फाटतं, म्हणून सोबत माणूस छातीपर्यंत मावेल अशी जाड प्लास्टिकची पिशवी घेतो. तिच्यात शिरायचं ते डोकं बाहेर ठेवूनच.

औषधांत दाबून धरायला जाड गॉझ, क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्ट्या, ओआरएसच्या पुड्या. सर्पदंशासाठी म्हणून ब्लेड आणि आवळायची दोरी घेणारे अजून भेटतात. दोन्ही घरी ठेवावीत. चिरा मारल्याने विष निघत नाही, आणि घट्ट आवळलेला हात-पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. दंशाचा अवयव स्थिर ठेवायचा आणि माणसाला न चालवता रुग्णालयात पोचवायचं. त्यासाठी क्रेप बँडेज आणि सोबत्यांचे खांदेच उपयोगी.

घळीत फोनच्या भरवशावर राहू नये. रेंज शोधता शोधता बॅटरी संपते, म्हणून तो एअरप्लेन मोडवर ठेवावा आणि ११२ लावायची वेळ आलीच तर उघड्यावर येऊन चालू करावा. शिट्टी सॅकच्या आत नको, छातीवर हवी: मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. आणि निघताना बेलपाड्यात, जिथे चहा घेतला तिथे, किती जण चाललोय आणि कधीपर्यंत वर पोचू ते सांगून जायचं.

शेवटी वाटणी. रोप सर्वांत पुढच्याकडे, औषधांची पिशवी सर्वांत शेवटच्याकडे. मधलं कुणी जखमी झालं तर शेवटचा माणूस खालून चढत त्याच्यापर्यंत पोचतो. पुढे गेलेला मदतीला उतरू लागला, तर त्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट त्या जखमी माणसाच्या दिशेने जातो.