सर्वात मोठी रात्र आणि विसाव्याचा हक्क

डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेला सूर्य आपल्या दक्षिणेकडील प्रवासाची सीमा गाठतो आणि तेथून माघारी वळतो. वर्षातील सर्वात लहान दिवस व सर्वात मोठी रात्र, एवढे वर्णन शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच पाठ केलेले असते. त्यापलीकडे या दिवसाची दखल सहसा कोणी घेत नाही. वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी येते, आणि नाताळ व नववर्ष यांच्या जाहिरातींच्या गर्दीत ती हरवून जाते. वस्तुतः भारत सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार २२ डिसेंबर हा १ पौष होय. म्हणजे अयनारंभ आणि मासारंभ यांची सांगड आपल्या शासकीय कालगणनेत मुद्दाम घालण्यात आली आहे. हा दिवस विसाव्याचा आणि आत्मपरीक्षणाचा म्हणून पाळला जावा, असे मला सुचवावयाचे आहे. मात्र विसावा म्हणजे काय, तो कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न बाजूस सारून तसे सुचविणे म्हणजे सुखवस्तू मंडळींसाठी आणखी एका निमित्ताची सोय करणे ठरेल. म्हणून या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करणे भाग आहे.

दोन संक्रमणांतील अंतर

उत्तरायण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मकरसंक्रांत उभी राहते. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो तिच्या तीन आठवडे अगोदर. आपली पारंपरिक पंचांगे नक्षत्रसापेक्ष, म्हणजे निरयन वर्ष मानतात, आणि हे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. हा फरक साठत जाऊन साधारणतः ७२ वर्षांत एक दिवसाचा होतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकरसंक्रमण आणि अयनारंभ हे एकाच दिवशी येत असत. पुढे ते एकमेकांपासून दूर सरकत गेले. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी संक्रांतीच्या दिवशी झाला. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, यावरून हे सरकणे सहज ध्यानी यावे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त त्याचा सविस्तर ऊहापोह केला, आणि लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन'मधील कालनिर्णयाचा पायाही हेच संपातचलन होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींप्रमाणे २२ मार्च १९५७ पासून ऋतूंशी जुळणारे राष्ट्रीय वर्ष सुरू झाले. सण-उत्सवांच्या बाबतीत समितीने परंपरेशी तडजोड केली, आणि जनमानसाने तर नवी दिनदर्शिका आकाशवाणीच्या निवेदनापलीकडे कधी स्वीकारलीच नाही. त्यामुळे १ पौष हा दिवस आज अक्षरशः मोकळा आहे. त्याला कोणत्याही पंथाचे, जातीचे वा बाजाराचे लेबल अद्याप चिकटलेले नाही.

थांबण्याची परंपरा

आपल्या अक्षांशांवर हा दिवस फारसा नाट्यमय नसतो, हे मान्य केले पाहिजे. लंडनमध्ये त्या दिवशी जेमतेम आठ तासांचा प्रकाश असतो. मुंबईत दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमधील सर्वात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही. तरीही ज्या ज्या समाजांनी आकाशाकडे लक्षपूर्वक पाहिले, त्यांनी या वळणावर थांबण्याची रीत घालून दिली. इराणमध्ये 'यल्दा'च्या रात्री कुटुंबे एकत्र बसून डाळिंबे खातात आणि कविता वाचीत जागतात. चीनच्या 'ई चिंग' या प्राचीन ग्रंथावरील भाष्यात अयनदिनी पूर्वीचे राजे सीमेवरील नाकी बंद ठेवीत, व्यापारी व प्रवासी वाटेला लागत नसत आणि राजाही दौऱ्यावर निघत नसे, असा उल्लेख आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा उल्लेख विशेष अर्थपूर्ण वाटतो. व्यापार थांबू शकतो, किंबहुना वर्षातून एकदा तो थांबविणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे मानणारी ती एक व्यवस्था होती.

आपल्याकडे वेदांगज्योतिषाने पंचवर्षात्मक युगाचा आरंभच या अयनबिंदूपासून मानला. शरशय्येवरील भीष्मांनी अठ्ठावन्न रात्री उत्तरायणाची वाट पाहिली ही कथा सर्वश्रुत आहे. त्या प्रतीक्षेच्या काळात काय घडले, याचा मात्र आपण क्वचितच विचार करतो. युद्ध संपले होते आणि राज्य हाती आले होते. अशा वेळी विजयी युधिष्ठिर पराभूत पक्षाच्या सेनापतीपाशी जाऊन बसला आणि राज्य कसे करावे, हे त्याने ऐकून घेतले. महाभारतातील राजधर्माचे विवेचन या सक्तीच्या विरामातून जन्माला आले आहे. विजयाची घाई थोडी आवरल्याखेरीज शहाणपणाला वाव मिळत नाही, हेच त्या प्रसंगाचे तात्पर्य म्हणावयास हरकत नाही.

लोकव्यवहाराने हीच गोष्ट साध्या रूपात जपली. पौष हा 'भाकड' महिना. त्यात लग्नकार्ये करावयाची नाहीत. धुंधुरमासात पहाटे बाजरीची भाकरी, लोणी आणि खिचडी खाऊन शरीर सांभाळावयाचे. यामागील शुभाशुभाची कल्पना आज कोणी मानो वा न मानो, परंतु वर्षातील एक महिना खर्चाला, मानपानाला आणि मिरवणुकीला सुट्टी देणारा हा संकेत कुटुंबाच्या अर्थकारणाच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ नव्हता.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी वर्गात श्रमाच्या पुरवठ्याचा मागे वळणारा वक्र मी शिकवीत होतो. मजुरीचा दर एका मर्यादेपलीकडे वाढला की श्रमिक अधिक काम करण्याऐवजी फुरसत पसंत करतो, असे हा वक्र सांगतो. ब्रिटिश अमदानीत अनेक लेखकांनी याच कल्पनेच्या आधारे हिंदी मजुराला आळशी ठरविले. त्या विवेचनाच्या ओघात माझ्याही तोंडून ग्रामीण भागातील रिकाम्या दिवसांविषयी काही थट्टेचे शब्द निघून गेले. लातूरकडचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, येळवशीला गावी गेलो म्हणून तुम्ही माझी हजेरी कापलीत. पण शेतात माणसं बोलावून जेवू घालायला एक दिवस काम थांबवलं, तर तो आळस कसा?"

येळवस म्हणजे वेळाअमावस्या. मार्गशीर्षातील ही अमावस्या लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात मोठ्या श्रद्धेने पाळली जाते. तिथीमुळे ती मागेपुढे होते. २०२२ साली २३ डिसेंबरला, म्हणजे जवळजवळ अयनदिनीच आली होती, तर २०२४ साली ३० डिसेंबरला. खरिपाचे बहुतेक धान्य घरात आलेले असते आणि रब्बीची ज्वारी-हरभरा शेतात उभा असतो. दोन कष्टांच्या मधल्या या अवकाशात शेतात कडब्याची कोप उभारतात, तीत पांडवांची पूजा मांडतात आणि उभ्या पिकावर आंबील शिंपडतात. भज्जी, उंडे, खीर असा बेत असतो. ज्यांना शेत नाही त्यांना आग्रहाने बोलावले जाते, शहरांतील रस्ते ओस पडतात आणि दुकाने बंद राहतात. त्या दिवशी कोणी राबत नाही. आपण ज्याच्यावर जगतो त्या शेताकडे मालक म्हणून न पाहता पाहुणा म्हणून पाहावयाचे, असा तो दिवस. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याची हजेरी मी पुन्हा लावली. वक्र मात्र त्यानंतर मला पूर्वीच्या सहजतेने शिकविता आलेला नाही.

फुरसतीचे अर्थकारण

विसावा ही कोणी दिलेली देणगी नव्हे. तो मिळविलेला हक्क आहे, हे मुंबईच्या इतिहासाइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही इतिहास क्वचितच सांगेल. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. ती पदरात पडावयास १० जून १८९० उजाडावा लागला. एका रविवारासाठी सहा वर्षे! त्या सुट्टीने गिरण्या बुडाल्या नाहीत. पुढे १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपला पहिलाच करार कामाच्या तासांविषयी केला आणि स्वतंत्र भारताने १९४८ च्या कारखाने कायद्यात ४८ तासांचा आठवडा व साप्ताहिक सुट्टी या गोष्टी नमूद केल्या.

१९३० साली केन्स यांनी शंभर वर्षांनंतरच्या जगाविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. उत्पादनशक्ती इतकी वाढेल की आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेसे होईल आणि माणसापुढे फुरसतीचा उपयोग कसा करावा हाच प्रश्न उरेल, असे त्यांचे भाकीत होते. ती शंभर वर्षे आता भरत आली आहेत. उत्पादन वाढीविषयीचा त्यांचा अंदाज बराचसा खरा ठरला, फुरसतीविषयीचा साफ चुकला. उलट २०२३ साली आपल्याकडील एका ख्यातनाम उद्योगपतींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असा उपदेश केला आणि सुशिक्षित वर्गात त्यावर हिरीरीने चर्चा झाली. त्या चर्चेत ज्यांचा आवाज ऐकू आला नाही, त्यांचे तास मात्र कोणी मोजले नव्हते.

ज्यांची रात्र मोठी नसते

अयनदिनाची ती सर्वात मोठी रात्र येते तेव्हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेली लाखो माणसे त्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडांवर असतात. पहाटेच्या काळोखात ती फडात शिरतात, आणि वाहन आले की रात्री-अपरात्री मोळ्या भरतात. त्यांच्या निवाऱ्यालाही कोपच म्हणतात. येळवशीची कोप एका दिवसाच्या पूजेची. ही पाच-सहा महिन्यांच्या संसाराची.

येथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली 'उचल' टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून फेडावयाची असते. काम बुडाले तर 'खाडा' पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय दंड बसतो. म्हणजे विसाव्याची किंमत येथे कर्जाच्या रूपाने मोजावी लागते. अर्थशास्त्रात फुरसतीची किंमत ही बुडालेल्या मजुरीइतकी असते, असे आम्ही शिकवितो. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत ती मजुरीहून अधिक असते, आणि समाजातील सर्वात गरीब माणसासाठी विश्रांती ही सर्वात महाग वस्तू होऊन बसते. या व्यवस्थेचे टोक २०१९ साली उघड झाले. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांमधील गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्यांनी खळबळ उडाली आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत काम बुडते आणि खाडा पडतो, हे त्यामागील कारणांपैकी एक होते. चार दिवसांच्या विसाव्याच्या बदल्यात देहाचा एक अवयव! संक्रांतीला आपण ज्या हलव्याने तोंड गोड करतो, त्याच्या साखरेत हा हिशेबही विरघळलेला असतो.

काय करता येईल?

आपल्याकडे सुट्ट्या काय कमी आहेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि सरकारी कॅलेंडर पाहता तो निराधारही नाही. परंतु त्या सुट्ट्या संघटित नोकरदारांच्या आहेत. देशातील बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत आणि त्यांच्या दृष्टीने लाल अक्षरातील तारीख म्हणजे बहुधा बिनपगारी दिवस. म्हणून यादीत आणखी एका सुट्टीची भर घालावी, असे मी म्हणत नाही. १ पौषाची संध्याकाळ आपण आपापल्या घरी, शाळा-महाविद्यालयांत, संस्थांत शांतपणे घालवावी. शक्य तेथे दिवे लवकर मालवावेत, आकाश पाहावे आणि सरत्या वर्षाचा हिशेब मांडावा. पैशाचा ताळेबंद आपण मार्चअखेरीस करतोच. या दिवशी वेळेचा करावा. आपले किती तास कशात गेले, आणि आपल्या सोयीसाठी इतरांचे किती तास गेले, हे दोन्ही रकाने त्यात असावेत.

या आत्मपरीक्षणाला एखादी ठोस मागणी जोडली नाही, तर ते पोकळ ठरेल. ती मागणी अशी असावी: ऊसतोड कामगारांना आठवड्याचा एक दिवस खाड्याविना मिळावा, आजारपण, पाळी आणि बाळंतपण यांसाठी दंड आकारणे बंद व्हावे, आणि त्याचा भार साखरेच्या किमतीत धरला जावा. ग्राहक म्हणून किलोमागे थोडे अधिक मोजण्याची आपली तयारी असली पाहिजे. लोखंडे यांनी रविवार मागितला, तेव्हाही तो परवडणारा नाही असेच सांगितले गेले असेल.

युरोपीय भाषांनी या खगोलीय क्षणाला सूर्याचे 'थांबणे' असे नाव दिले. आपण त्याला 'अयन', म्हणजे 'जाणे' म्हटले. दोन्ही शब्द खरे आहेत. वळण घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागते. ते थांबणे काही थोड्यांनाच परवडत असेल, तर वळण घेण्याचा अधिकारही त्या थोड्यांपुरताच उरतो, एवढे भान या सर्वात मोठ्या रात्रीने आपल्याला दिले तरी पुष्कळ झाले.